‘साठ’ की ‘आठ’? फायबरवरच्या लँडलाइनचे आठ महिने

आमच्या घरची तांब्याच्या तारेवरची लँडलाइन बंद झाली त्याला आता आठ महिने होतील. तिच्या जागी फायबरवरचा फोन आला. आईच्या घरीही त्याच आठवड्यात, त्याच कंपनीचा बसवून घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला आलेल्या बऱ्या-वाईट अनुभवांतलं बरंचसं या तंत्राचं आहे, आणि अशी जोडणी देणाऱ्या कुणालाही तेच प्रश्न विचारावे लागतील.

आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. दुसऱ्या गावी एकटी राहते, उजव्या कानात मशीन घालते. रोज रात्री साडेआठला आमचा फोन असतो. त्यात ती दिवसभराचं सांगते आणि शेवटी साखरेचा आकडा सांगते. तो मी वहीत लिहून ठेवते आणि दर महिन्याला तिच्या डॉक्टरांना दाखवते. हा आकडा हीच माझी या फोनची खरी परीक्षा होती.

कारण जुन्या फोनवर आमचं रोज एकच व्हायचं. आई म्हणायची, “एकशे साठ.” मला ऐकू यायचं, “एकशे आठ.” मी आनंदाने “अरे वा!” म्हणायचे आणि तिकडून आवाज चढायचा, “अगं साठ! सहावर शून्य!” एकशे आठ म्हणजे निश्चिंत झोप, एकशे साठ म्हणजे डॉक्टरांना फोन. मधलं अंतर एका अक्षराचं. एकदा तर मी खरोखरच १०८ लिहून ठेवलं होतं आणि चार दिवसांनी तिच्या यंत्रातल्या नोंदी बघताना चूक सापडली. त्या दिवशी मी स्वतःलाही बोल लावला आणि तिच्या उच्चारालाही. दोष दोघींचाही नव्हता.

साध्या टेलिफोनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच पट्टा पाठवायचा, असं फार पूर्वी ठरलं. बोलणं समजायला तेवढा पुरतो आणि एका मार्गावर जास्त संभाषणं बसतात. पुढे एक्स्चेंज डिजिटल झाली तेव्हाही मोजमाप तेच राहिलं: सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका बोलण्याला ६४ किलोबिट. हिशेब चोख आहे. पण ‘स’ हा नुसता हवेचा फुत्कार आहे आणि त्याची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. आई ‘साठ’ म्हणायची. ‘स’चा मोठा भाग तारेत शिरायच्या आधीच गाळला जायचा आणि उरलेला ‘आठ’ माझ्यापर्यंत सुखरूप यायचा. वर्षानुवर्षं मी हे “लाइन खराब आहे” या खात्यावर टाकत होते. यात लाइनचा दोष नव्हता. तिने जेवढं न्यायचं ठरलेलं होतं तेवढं ती नेत होती.

नव्या जोडणीत ‘एचडी व्हॉइस’ आहे. त्यात पट्टा साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो. दोन्ही घरी बसवून झाल्यावर पहिला फोन आईलाच लावला. तिने “हॅलो” म्हणण्याआधी मला चष्म्याची काडी मिटल्याचा आवाज आला. ती फोनवर बोलताना चष्मा काढून ठेवते हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत ते कधी ऐकू आलं नव्हतं. मग तिचा श्वास आला, आणि मग “हॅलो”. मी काही क्षण बोललेच नाही. “काय गं, लागला नाही का फोन?” असं तिने विचारल्यावर म्हटलं, “लागला, आई. खूप छान लागला.”

त्या रात्री तिने “एकशे बासष्ट” सांगितलं. मी एकदाच ऐकलं आणि लिहिलं.

या एका गोष्टीसाठी मी या सेवेला भरभरून गुण देईन. एक अट मात्र आधी माहीत असू द्या: एचडी आवाज दोन्ही टोकांचे फोन आणि मधलं सगळं जाळं यांना एकच पद्धत कळत असेल तरच येतो. साखळीतली एक कडी जुनी असली की बोलणं मुकाट्याने जुन्या पट्ट्यावर उतरतं. माझ्या मावशीकडे दुसऱ्या कंपनीचा फोन आहे. तिच्याशी बोलताना ‘साठ’ अजूनही ‘आठ’च होतो. जाहिरातीत ही अट नव्हती. बसवायला आलेल्या दादांनी विचारल्यावर लगेच सांगितली, हे त्यांचं कौतुक. म्हणूनच तर आईकडेही हीच जोडणी घेतली.

आता शब्दाकडे येते, कारण तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे आणि या आठ महिन्यांत त्याने मला बरंच शिकवलं. मी तांत्रिक मजकुराची भाषांतरं करते. जोडणी घेतली त्याच सुमारास एका ग्राहक-कराराचं मराठी करायचं काम हातात होतं आणि पहिल्याच पानावर ‘टेलिकम्युनिकेशन’ची व्याख्या होती. आपण सगळे त्याला दूरसंचार म्हणतो, मीही तेच लिहिणार होते. पण रोज रात्री ‘साठ-आठ’ची लढाई लढणाऱ्या माणसाला तो शब्द सहज लिहून पुढे जाता येईना.

मूळ ‘टेलिकम्युनिकेशन’ हा शब्द फार जुना नाही. एदुआर एस्तोनिए नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९०४ साली तो घडवला. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की तारयंत्राला एक नाव, टेलिफोनला दुसरं, आणि दोन्हींना मिळून नावच नाही. त्यांनी ‘टेले’ हे ग्रीक घेतलं, म्हणजे दूर, आणि त्याला लॅटिनमधून आलेला शब्द जोडला, ज्याचं मूळ ‘कोम्युनिकारे’. त्याचा अर्थ आहे वाटून घेणं, सामाईक करणं. जे एकाचं होतं ते दोघांचं झालं की ते कोम्युनिकारे. एस्तोनिए कादंबरीकारही होते आणि पुढे फ्रेंच अकादमीचे सदस्य झाले, हे वाचल्यावर मला त्यांच्या शब्दनिवडीचं नवल वाटलं नाही. यंत्रांच्या नावात त्यांनी माणसांची गोष्ट ठेवली.

शब्द जगभर रुळला तो बराच नंतर. १८६५च्या १७ मे रोजी पॅरिसमध्ये देशादेशांनी मिळून आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन केला होता. १९३२च्या माद्रिद परिषदेत रेडिओचंही काम त्याच छत्राखाली घ्यायचं ठरलं, तेव्हा ‘तार’ हे नाव अपुरं पडलं आणि १ जानेवारी १९३४पासून तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ झाला. या संघाची व्याख्या आजही करारांतून फिरते: तार, रेडिओ, प्रकाश किंवा अन्य विद्युतचुंबकीय मार्गाने चिन्हं, संकेत, लेखन, चित्रं, ध्वनी किंवा कुठल्याही प्रकारची माहिती पाठवणं, प्रसारित करणं किंवा ग्रहण करणं. माझ्या करारातली व्याख्याही हीच होती, फक्त चार शब्द इकडचे तिकडे.

तिच्यात काय बसतं ते पाहण्यासारखं आहे. रेडिओवरच्या बातम्या बसतात, जरी ऐकणाऱ्याला उलट बोलता येत नसलं तरी. समुद्रातल्या जहाजाचा बिनतारी संकेत बसतो, दूरचित्रवाणी बसते, इंटरनेट बसतं. हाताने नेऊन दिलेलं पत्र बसत नाही. इंग्रजीत आणखी एक बारकावा आहे: पाठवण्याच्या क्रियेला एकवचनी शब्द आणि सगळ्या क्षेत्राला, त्यातल्या विद्याशाखेला, धंद्याला अनेकवचनी. त्या संघाच्या नावात एकवचन आहे. मराठीत दोन्हींना दूरसंचारच. आपण संदर्भावरून ओळखतो आणि कुणाचं काही अडत नाही.

व्याख्येत पाठवणं आहे, ग्रहण आहे. कळणं मात्र कुठेच नाही. आणि इथे मला आपला मराठी शब्द फार प्रामाणिक वाटू लागला. संचार म्हणजे हिंडणं, वावरणं. मुक्त संचार म्हणतो तो, संचारबंदी म्हणतो तो. दूरसंचार म्हणजे काहीतरी लांबवर हिंडून येतं एवढंच. त्यात संवादाचं वचन नाही. भाषांतराच्या मसुद्यात मी आधी ‘दूरसंप्रेषण’ लिहून पाहिलं. बरोबर आहे, पण तोंडात बसत नाही आणि बिलावर कुणी ओळखणार नाही. ‘दूरसंवाद’ लिहिताना मन खूश झालं. मूळ लॅटिनच्या जवळ जाणारा तोच. पण करारात कंपनी ज्याची हमी देत नाही ते शब्दाने तिच्या तोंडी घालणं बरोबर नव्हतं. शेवटी दूरसंचारच ठेवला, आणि त्याच दिवशी ठरवलं की घरच्या फोनलाही याच दोन मापांनी मोजायचं. संचार कसा आहे ते एक, संवाद कसा आहे ते दुसरं.

संचाराचं सांगायचं तर तक्रारीला फारशी जागा नाही. पावसात जुन्या लाइनवर खरखर यायची, क्रॉस कनेक्शन व्हायचं, कधी आठवडाभर मुकी पडायची. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, त्याला तांब्यासारखा गंज नाही आणि शेजारच्या तारेतल्या विजेचा त्रास नाही. आठ महिन्यांत बाहेरची लाइन एकदाच तुटली, तीही खोदकामात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जोडून मिळाली.

तिसऱ्या महिन्यात मात्र लाइट गेली, आणि जुनी तांब्याची तार काय करायची हे तेव्हा कळलं. संध्याकाळी सात ते दहा अंधार. मोबाइलची बॅटरी संपत आली होती आणि रेंजही धड नव्हती. मला काळजी नव्हती, घरात लँडलाइन आहे म्हणून. लहानपणापासून पाहिलेलं: लाइट जावो, वादळ येवो, रिसीव्हर उचलला की डायल टोन आहेच. साडेआठला फोन उचलला तर आवाजच नाही. खटका दाबून पाहिला, वायर काढून लावली. फायबरची तार जिथे येते आणि फोन ज्याला जोडलेला असतो, तो भिंतीवरचा डबाही काळा पडलेला.

जुन्या फोनला वीज घरातून लागतच नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असते आणि तिथून त्याच दोन तारांवरून ४८ व्होल्ट घरापर्यंत येत असत. आवाज आणि त्याला लागणारी ताकद एकाच वाटेने यायची. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, पण फोन चालवण्याइतकी वीज काही येत नाही. डबा घरच्या विजेवर चालतो. घरची वीज गेली की फोनही गेला.

तिकडे आई साडेआठपासून फोन लावत होती. ‘आपण डायल केलेल्या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही’ एवढंच तिला ऐकू येत होतं. ती पावणेदहापर्यंत फोनजवळच्या खुर्चीत बसून होती, जेवलीही नव्हती. दहाला लाइट आली, डब्यावरचे दिवे एकेक करून लागले आणि शेवटचा हिरवा होताक्षणी रिंग वाजली. “तू बरी आहेस ना?” एवढंच विचारलं तिने. तिचा आवाज एचडीत होता; तो कापत होता हेही स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ग्राहकसेवेला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “मॅडम, आमच्या नोंदीत सेवा पूर्ण वेळ सुरू होती. तुमच्याकडे वीज नव्हती.” त्याचं म्हणणं खरं होतं. संचार सुरूच होता, माझ्या दारापर्यंत. मी त्याला सांगितलं की बसवताना हे एका वाक्यात सांगायला हवं होतं, मी त्याच दिवशी सोय केली असती. त्याने तक्रार नोंदवली. उत्तर आलं नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या घरातला फोन लाइट गेल्यावर बंद पडणार, ही गोष्ट छोट्या अक्षरांत ठेवण्यासारखी नाही, आणि यासाठी मी या सेवेचे गुण कापते. दोन्ही घरांत आता डब्याला छोटा बॅटरी बॅकअप लावला आहे. चार तास चालतो, मी घड्याळ लावून तपासलं.

मोठ्या दोषांत एवढा एकच. बाकीचे दुरुस्त होण्यासारखे निघाले.

आवाज मधूनच तुटायचा, विशेषतः भाची सुट्टीत आली आणि मोठमोठे व्हिडिओ चढवू लागली तेव्हा. या पद्धतीत बोलण्याचे छोटे तुकडे होतात, साधारण २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रवास करतो. पलीकडचा फोन त्यांना जरा थांबवून क्रमाने लावतो आणि फार उशिरा आलेला तुकडा टाकून देतो, कारण ‘नमस्कार’मधला ‘स्का’ अर्ध्या सेकंदाने ऐकवण्यात अर्थ नसतो. घरचीच वाट व्हिडिओने भरली की तुकडे अडकतात. तंत्रज्ञ येऊन राउटरमध्ये फोनच्या आवाजाला पुढे काढण्याची सेटिंग चालू करून गेले. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर तुटणं थांबलं.

उशीर हा वेगळा प्रकार. मावशी पूर्वी परदेशात होती तेव्हा तिचा फोन उपग्रहावरून यायचा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, आणि उत्तराला आणखी पाव. दोघी एकदम बोलायला लागायच्या, दोघी एकदम थांबायच्या. “तू बोल” “नाही, तू बोल” यातच वेळ जायचा. काचेच्या धाग्यात प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला फक्त ५ मिलिसेकंद. आई माझ्यापासून तेवढीही लांब नाही. तरीही किंचित उशीर जाणवतो, तो अंतराचा नाही. तुकडे करणं, थांबवणं, जोडणं यात तो जातो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की बोलण्यात सहसा अडखळायला होत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. आमचा बहुतेक त्याच्या आतच असावा, कारण आई माझं वाक्य पूर्वीइतक्याच सहजतेने मध्येच तोडते. व्हिडिओ कॉलवर तिला ते जमत नाही आणि ती गप्प गप्प राहते. म्हणून रोजच्या बोलण्याला मला हा नुसता आवाजाचा फोनच जास्त जवळचा वाटतो.

आईच्या मशीनचं प्रकरण मात्र दोन आठवडे चाललं. तिच्या श्रवणयंत्रात ‘टी’ची सोय आहे, म्हणजे आत तारेचं बारीक वेटोळं असतं आणि ते जुन्या रिसीव्हरमधल्या चुंबकीय क्षेत्रावरून थेट आवाज उचलतं, खोलीतला गोंगाट टाळून. नव्या कॉर्डलेस हँडसेटने मात्र तिच्या कानात गुणगुण सुरू केली. “माशी अडकल्यासारखं वाटतं,” म्हणाली. फोन श्रवणयंत्राशी जुळणारा आहे का, हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं, आणि तो माझा प्रश्न राहून गेला होता. जुना रिसीव्हर डब्याच्या फोनच्या खाचेत लावून पाहिला. गुणगुण गेली, पण आवाज जुन्या पट्ट्यावर उतरला आणि ‘साठ’ पुन्हा ‘आठ’ झाला. शेवटी आईनेच मार्ग काढला. हँडसेट टेबलावर उभा ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि हातभर लांब बसायचं. माशी गेली, ‘स’ राहिला. शेजारच्या काकूंना आमचं सगळं ऐकू जातं, त्याला इलाज नाही.

तर ही सेवा घ्यावी का? ज्यांच्या घरात रोज कुणाचा तरी आवाज यायची वाट पाहिली जाते, त्यांनी घ्यावी असं मी मनापासून सांगेन. घेण्यापूर्वी दादांना दारातच विचारा: पलीकडच्या फोनशी एचडी जुळेल का, लाइट गेल्यावर किती वेळ चालेल, कानातल्या मशीनला चालेल का. शक्य असेल तर त्यांच्यासमोरच मेन स्विच बंद करून फोन उचलून बघा. मी पाचपैकी चार देते. कापलेला एक गुण त्या तीन तासांचा आहे.

काल आईने “एकशे आठ” सांगितलं. मी सवयीने विचारलं, “साठ ना?” ती म्हणाली, “नाही गं, आठच. आज खरंच आठ आहे.”